पाव्हण्यासकट विकायची गाडी

आधी जे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही ते सांगून टाकतो, म्हणजे पुढचा प्रवास वाचणाऱ्याला नीट कळेल. माझ्या बायकोला हे माहीत नाही. मेहुण्यालाही नाही, आणि तो तर या प्रवासात सगळा वेळ माझ्यासोबत होता.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात मी मालेगावहून नाशिकला एकटाच येत होतो. तेव्हा माझ्याकडे पांढरी व्हॅन होती. मालेगावच्या बाहेर एक म्हातारा उन्हात एसटीची वाट बघत उभा होता. मी थांबलो. "चांदवडला सोडा दादा," म्हणाला. तिथं त्याची लेक दिलेली. देवीच्या वाटेवर घर. तिला मुलगा झाला होता. "तिची आई नाय. म्हनून बाळंतपण सासरीच झालं. निदान तोंड तरी बघून येतो." उमराण्याच्या आसपास तो छाती चोळायला लागला. जरा थांबा म्हणाला. तिथं डॉक्टरची पाटी होती आणि मला ती दिसली होती. मी म्हणालो, "चांदवडला मोठा दवाखाना आहे, तिथंच थांबू." मला घाई होती. कसली, ते आज आठवतही नाही. राहूड घाट चढताना तो विचारत राहिला, "चांदवड आलं का?" आणि मी म्हणत राहिलो, "येईल बाबा, बसा निवांत." घाटातल्या शेवटच्या वळणानंतर त्यानं विचारलं नाही.

चांदवडच्या फाट्यावर गाडी थांबवून मी मागं पाहिलं. तो गेलेला होता. बाजूला चहाची टपरी होती, बाकड्यावर माणसं होती. एक हाक मारली असती तर सगळे धावले असते. मला पंचनामा दिसला, पोलीस दिसले, माझी सरकारी नोकरी दिसली. मी गियर टाकला. त्याच्या लेकीच्या गावावरून त्याला पुढे नेलं. नाशिकला एका दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर, झोपलेला वाटावा असा, ठेवला आणि निघालो. पुढे त्याचं काय झालं मला माहीत नाही. त्यानंतर कितीतरी दिवस मी वर्तमानपत्र उघडलं नाही. व्हॅन नाशकातल्या द्वारका चौकातल्या एका दलालाला देऊन टाकली, आणि पुढची वर्षं स्कूटरवर काढली.

आता प्रवास.

द्वारका

दोन हजार चारच्या सुमारास बायकोचे गुडघे गेले. स्कूटरवर मागं बसणं संपलं. तिनं वर्षभर वाट पाहिली आणि मग एकदा जेवताना म्हणाली, "माणसं दुसरं लग्न करतात, तुम्ही दुसरी गाडी करायला तयार नाही." नव्या गाडीची ऐपत नव्हती. तिच्या भावाला, संजयला, बोलावणं गेलं. त्याचं इंदिरानगरात विजेच्या सामानाचं दुकान. गाड्यांचा त्याला नाद, म्हणजे स्वतःकडे मोटारसायकलच, पण सगळ्या मित्रांच्या गाड्या त्यानं पारखून दिलेल्या.

"दाजी, जुनी गाडी म्हणजे भाड्याचं घर," तो म्हणाला. "आधी कोण राहून गेलं ते विचारून घ्यायचं."

मी कमी बोलतो याची घरच्यांना सवय आहे.

द्वारकेच्या चौकातून आत वळलं की जुन्या गाड्यांचे बाजार लागतात. ज्यांनी ते पाहिले नाहीत त्यांनी एकदा भर दुपारी जाऊन पाहावेत. गर्दी चौकात. आत पत्र्याच्या कुंपणामागं एकदम शांतता. ओळीनं गाड्या उभ्या. सगळ्या धुतलेल्या, काचा बंद. एकीच्या आरशावर टिकली चिकटलेली. एकीच्या मागच्या काचेवर लहान मुलाच्या बोटांचे ठसे, आतल्या बाजूनं. धुणाऱ्यानं बाहेरून धुतलं होतं.

संजय बॉनेट उघडायचा, तेलाचं झाकण काढून आतला मळ बघायचा, टायर एका बाजूनं जास्त झिजलेत का ते बघायचा. मी मागची सीट बघायचो.

"दाजी, गाडी पुढून चालते," तो हसून म्हणाला.

एका पांढऱ्या गाडीच्या दाराचं रबर त्यानं नखानं उचललं. खाली लाल रंग. दलाल म्हणाला, "साहेब, आईशप्पथ, गाडीला ओरखडा नाही." संजयनं रबर आणखी ओढलं. लालखाली आणखी निळा. अंगावर एकावर एक कातडी चढवून ती गाडी उन्हात उभी होती, आणि का कुणास ठाऊक, मला ती श्वास रोखून उभी आहे असं वाटलं.

ओझर, पिंपळगाव

दुसऱ्या दिवशी संजयच्या मोटारसायकलवर आग्रा रोडला लागलो. "हायवेची गाडी घ्यावी," असं त्याचं मत. शहरातली गाडी क्लचवर मरते, गावाकडची इंजिनावर जगते.

ओझरला एका काकांनी गाडी अंगणात काढून ठेवली होती. संजयनं आधी बॉनेटवर तळहात ठेवला आणि चटका बसून ओढून घेतला. वाचकहो, हे लक्षात ठेवा. विकणारा आधीच इंजिन तापवून ठेवतो, म्हणजे थंड असताना किती कुरकुरतं ते कळत नाही.

"काका, गरम आहे हो."

"आत्ताच भाजी आणायला गेलो होतो."

"मागच्या चाकात हवा नाही, तशीच गेली?"

काकांनी चाकाकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं, आणि म्हणाले, "मग चहा घेऊन जा." चहा घेतला. चांगला होता.

पिंपळगावला शेवभाजी खाल्ली. शेव इतकी जाड की रश्शात भिजायला वेळ मागते. शेजारच्या टेबलावर कांद्याच्या गाडीवरची माणसं जेवत होती. संजयला बोलल्याशिवाय घास उतरत नाही. त्यानं त्यांना विचारलं, भरोशाची एखादी जुनी गाडी आहे का कुठं?

"भरोशाची म्हंजे?" त्यातला एक म्हणाला.

"म्हणजे रस्त्यात दगा न देणारी."

ते एकमेकांकडं बघून हसले. "एक हाय. घाटाखाली आमच्या रामनाथची व्हॅन. लय वर्षं झाली, एकदा बंद पडली नाय. पन पाव्हण्यासकट घ्यावी लागंल."

"पाव्हणा म्हणजे? ड्रायव्हर?"

"ड्रायव्हर पुढं बसतो," तो म्हणाला, आणि पुन्हा खाली मान घालून जेवायला लागला. हसणंही थांबलं होतं.

संजयला गंमत वाटली. मी पाणी पीत होतो, ते संपेपर्यंत पीत राहिलो. व्हॅनी काय कमी असतात, असं स्वतःला सांगितलं.

घाटाखाली

चांदवडचा फाटा आला तेव्हा मी मोटारसायकलवर मागं डोळे मिटून बसलो होतो. चहाच्या टपरीचा वास आला त्यावरून कळलं. पुढे राहूड घाट उतरलो. उमराण्याच्या अलीकडे एका वस्तीवर रामनाथचं घर. टळटळीत दुपार. कांदा साठवायची चाळ भरलेली होती, त्याचा गोडसर उग्र वास सगळीकडे, आणि कुठं पानही हलत नव्हतं. कुत्रं होतं, पण ते भुंकलं नाही. माझ्याकडं बघत उठलं आणि चाळीच्या पलीकडे निघून गेलं.

आमच्या इंदिरानगरात गाडी विकणारा सौदा ठरल्यावर चहा विचारतो. इथं रामनाथ म्हणाला, "आधी जेवण. उपाशी माणसाला सगळीच गाडी चांगली दिसती." आम्ही जेवून आलो होतो, पण ते कुणी ऐकून घेतलं नाही. बाजरीची भाकरी, डाळ-वांगं, कैरीचा ठेचा. रामनाथ चाळिशीचा, बारीक, शांत माणूस. वाढत होती त्याची आई. तिनं एक पान जास्तीचं वाढून ओसरीच्या टोकाला ठेवलं. संजयला वाटलं कुणी यायचं असेल.

मग रामनाथ आम्हाला गोठ्याकडे घेऊन गेला. शेजारी पत्र्याच्या सावलीत व्हॅन उभी होती.

"अहो दाजी!" संजय ओरडला. "ही आपली! आपली व्हॅन! हे बघा, ताईच्या हातून खांबाला लागली होती तो पोचा!" त्यानं पोच्यावर हात फिरवला, मग माझ्या पाठीवर थाप मारली. त्याचा आनंद मावत नव्हता. रामनाथलाही आनंद झाला. आईला हाक मारून तो म्हणाला, "आये, पहिले धनी आलेत गाडीचे."

म्हातारी पदराला हात पुसत आली. माझ्याकडं नीट बघितलं.

"तुम्ही काय ठेवून घेतलं होतं?" तिनं विचारलं.

मला कळलं नाही. रामनाथनं समजावलं. त्यांच्याकडे बैल विकला तरी दावं विकत नाहीत. गळ्यातला दोर सोडून ठेवायचा, घेणाऱ्यानं आपलं दावं घेऊन यायचं. तसं केलं तरच जनावर जुन्या दारातून खऱ्या अर्थानं सुटतं. गाडी, ट्रॅक्टर, काहीही विकलं तरी हे लोक त्यातली एखादी वस्तू काढून घरात ठेवतात. आरशाची माळ, नाहीतर पायाखालचं गोणपाट.

"काही नाही ठेवलं," मी म्हणालो.

"म्हनून तर," ती म्हणाली. "सगळं तसंच लोटून दिलं. मागं बसलेल्या माणसासकट."

संजय हसला. बाकी कुणी हसलं नाही.

मग रामनाथनं जसं असेल तसं सांगितलं. गाडी विकताना खोटं बोलायचं नाही असं त्याच्या आईचं म्हणणं. द्वारकेहून व्हॅन आणली त्या दिवशी आई मागं बसली होती. चांदवडच्या फाट्यावर मागचं सरकतं दार आपोआप उघडलं. ते बंद केलं. नंतर एकदा चांदवडकडे जाताना घाटात आईनं शेजारून आवाज ऐकला, "चांदवड आलं का?" ती भ्यायली नाही. म्हणाली, "यायचंय." तेव्हापासून घरातली रीत पडली. त्या वळणाला कुणीतरी उत्तर द्यायचं. फाट्यावर थांबून दार उघडायचं, जरा थांबायचं, लावायचं. सणाला पान वाढायचं, कुणी गाडी बघायला आलं तरी वाढायचं.

"उतरत नाय," रामनाथ म्हणाला. "पन तरास काय नाय हो. उलट गाडीनं कधी दगा दिला नाय. पोरीला बाळंतपणाला नेली, पुरात नेली. पाव्हणा मागं असला की गाडी बंद पडत नाय."

"लॅच ढिला असेल दाराचा," संजय म्हणाला.

"असंल की. आम्ही दोनदा बदलला."

म्हातारी माझ्याकडंच बघत होती. "तुमच्या वक्ताला बी बसायचा का?"

मी म्हणालो, "नाही."

हे मी दुसऱ्यांदा केलं. पहिल्यांदा गियर टाकला, दुसऱ्यांदा हे.

घाट

चालवून बघायची तर घाटातच, असं संजयनं ठरवलं. तो चालवायला बसला, रामनाथ त्याच्या शेजारी. मला मागं बसावं लागलं. सीटचं रेक्झिन नवं होतं, पण डाव्या बाजूला, खिडकीपाशी, एक खळगा होता. बसून बसून पडतो तसा. मी उजवीकडे बसलो, दाराला चिकटून.

घाट लागला. उन्हात डांबर चमकत होतं. गाडी खरोखर सुरेख चढत होती. संजय खुशीत बोलत होता, "दाजी, पिकअप बघा, सोन्यासारखी ठेवलीय यांनी." मी समोरच्या आरशात बघायचं टाळत होतो, कारण त्यात मागची सीट दिसते. शेवटचं वळण आलं. संजय बोलता बोलता गप्प झाला, कशानं ते त्यालाही सांगता आलं नसतं. मला काहीच ऐकू आलं नाही. शपथेवर सांगतो, काहीच नाही. आणि पुढून रामनाथ, मान न वळवता, रोजच्या सवयीच्या आवाजात म्हणाला,

"यायचंय. बसा निवांत."

माझ्या डाव्या हाताला गार लागत होतं.

फाट्यावर संजय चहा सांगायला टपरीवर गेला. टपरी तीच. बाकडी बदलली होती. रामनाथ उतरून मागं आला, दार सरकवलं आणि दाराला हात धरून बाजूला उभा राहिला. लग्नात पाहुण्यांना उतरवून घेतात तसा.

"उतरा की," तो मला म्हणाला. "तुम्ही वाटंत बसला तर तो कसा उतरंल?"

मी उतरलो नाही, नुसते पाय आखडून घेतले. टपरीवर संजय कुणाला तरी हसवत होता. ऊन इतकं लख्ख की दारातून फक्त पांढरं दिसत होतं. मी खळग्याकडं वळलो. मी म्हणालो, "बाबा, चांदवड आलं."

एवढंच. हे वाक्य मी आठ वर्षांपूर्वी याच जागी म्हणायचं होतं.

रेक्झिनचा खळगा हळूहळू वर आला. हवा भरावी तसा, बारीक आवाज करत. गाडी स्प्रिंगवर एवढीशी उचलली गेली. रामनाथचा हात दारावर होता, त्यालाही ते कळलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि रस्त्याकडं बघत राहिला, देवीच्या डोंगराकडं जाणाऱ्या रस्त्याकडं. तिथं कुणी नव्हतं. भर दुपारी कोण असणार.

मग तो म्हणाला, "आम्ही त्याला पाव्हणा म्हनतो. तुम्ही बाबा म्हनलात."

"वयानं मोठा असेल म्हणून."

त्यानं मला नीट पाहिलं. "असंल," म्हणाला. टोपी घातली. पुढे काहीही विचारलं नाही. त्यानं विचारलं असतं तर कदाचित मी बोललो असतो. पण हे म्हणणंसुद्धा त्याच्यावर ढकलणंच झालं.

परत उतरताना घाटाच्या पायथ्याशी गाडी बंद पडली. संजयनं प्लग पुसले, वायरी हलवल्या, आम्ही दोघांनी ढकलली. रामनाथनं हात लावला नाही. तो रस्त्याच्या कडेला पांढऱ्या चेहऱ्यानं उभा होता. गाडी कधीतरी सुरू झाली.

वस्तीवर आल्यावर त्यानं आईला चुलीपाशी जाऊन काहीतरी सांगितलं. ती बाहेर आली आणि म्हणाली, "गाडी नाय देनार."

"का हो आजी?" संजय म्हणाला. "थोडं भावात बसवू."

"कालपर्यंत खात्रीनं दिली असती. आता तिचा भरवसा मी कशाच्या जोरावर देऊ? उतरून गेला तो." तिनं माझ्याकडं न बघता पुढचं सांगितलं. "मोकळी गाडी हाय आता. चालंल नाय तर बंद पडंल. घरच्याला चालतंय, पन लोकाला कसं गळ्यात मारायचं?"

संजयनं कपाळावर हात मारला. गाड्या नाकारण्याची त्याला माहीत असलेली सगळी कारणं संपून गेली होती.

मी मोटारसायकलकडं निघालो तेव्हा म्हातारीनं एक कापडी पिशवी माझ्या हातात दिली. "मागच्या सीटखाली होती. पहिल्यापासून. मी नुसतं ऊन दाखवून ठेवत आले. आमची नाय." मग ती म्हणाली, "तुमची बी नाय. चांदवड वाटंवरच हाय तुमच्या."

"ताई विसरली असणार," संजय म्हणाला, आणि त्यानं गाडीला किक मारली.

पिशवीत झबलं होतं, टोपडं होतं, आणि छोटे चांदीचे वाळे. बाळंतविडा. लाडू असावेत ते कधीच भुकटी होऊन गेले होते, पण तुपाचा वास शिल्लक होता. त्या दिवशी चांदवडच्या फाट्यावरून जाताना मी डोळे मिटले नाहीत. थांब असंही म्हणालो नाही.

इंदिरानगर

गाडी शेवटी घराजवळच मिळाली, एका निवृत्त शिक्षकांची. थंड इंजिनावर एका झटक्यात सुरू झाली, रबराखाली एकच रंग निघाला. दगा देत नाही. बायको पुढं बसते. मागची सीट रिकामीच असते, आणि ती खरोखर रिकामी असते. याची मला इतकी खात्री आहे की कधी कधी तेच सोसवत नाही.

त्या गाडीतून मी चांदवडला एकटा गेलो. देवीच्या वाटेवर एका किराणा दुकानात काडेपेटी घेतली आणि चौकशी केली. दुकानदारानं लगेच ओळखलं. "मालेगावकडची सून? तिचा बाप कुठंतरी निघून गेला म्हणतात, घराला कुलूप लावून. पोरगा झाला तर नातवाचं तोंड बघायला आला नाही, बाळंतविडा नाही, काही नाही. सासू अजून ऐकवते तिला. ती माहेरचं नाव काढत नाही."

घर त्यानं बोटानं दाखवलं. अंगणात एक बाई कांदे निवडत होती. जवळच एक मुलगा सायकलचं चाक काठीनं फिरवत पळत होता. तिनं मान वर केली. "कोण पाहिजे भाऊ?"

मी म्हणालो, "पत्ता चुकला."

पिशवी गाडीतच होती. ती आता माझ्या कपाटात आहे.

तिचा बाप तिच्याकडेच निघाला होता. नातवासाठी झबलं घेऊन निघाला होता आणि वाटभर तिच्या गावाचंच नाव घेत होता. तो माझ्या गाडीत गेला. मी वेळेवर थांबलो नाही, आणि त्याला तिच्या दारात उतरवलं नाही. हे तिच्या अंगणात उभं राहून, तिच्या सासूच्या देखत, माझ्या तोंडानं तिला सांगणं माझ्याकडून बाकी आहे.